आतल्या बाजूची झीज

दोघांनी मिळून करावयाच्या कामात एक झिजून गेला आणि दुसरा जसाच्या तसा राहिला, तर त्या दोघांविषयी काय निवाडा द्यावा, असे विचारले असता बहुतेक लोक क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतात. झिजला तो कर्तव्यदक्ष, राहिला तो कामचुकार. एकत्र कुटुंबातील थोरली सून, कचेरीत मुकाट्याने ओझे ओढणारा एखादा कारकून, गणेशोत्सव आटोपल्यावर सतरंज्या गोळा करणारा मंडळाचा कार्यकर्ता, यांच्या बाबतीत हा निवाडा आपण नित्य देत असतो. आणि तो दिल्यावर आपल्या न्यायबुद्धीचे समाधानही होते. हा निवाडा नेहमीच बरोबर असतो काय, हे आम्हांस येथे तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी जे उदाहरण आम्ही घेणार आहोत ते मात्र ना पुराणातले, ना इतिहासातले; ते मोटारीच्या ब्रेकचे आहे.

वाङ्मयीन मासिकात ग्रीस आणि पाने यांची चर्चा पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणतो. परंतु बदलीच्या हुकमाने बंगळुरास आलेल्या आपल्यासारख्या माणसाला या विषयाशी फटकून राहता येत नाही. या नगरीत मोटार चालविणे म्हणजे बव्हंशी मोटार थांबविणे होय. सिल्क बोर्डाच्या चौकातून अथवा हेब्बाळच्या पुलाजवळून सायंकाळी घरी परतणारा मनुष्य ब्रेकवर किती वेळा पाय ठेवतो याची गणती कोणी ठेवीत नसेल, पण ब्रेक ती ठेवीत असतो. ज्या यंत्रावर आपला व मुलाबाळांचा जीव इतक्या वेळा बिनदिक्कत सोपविला जातो, त्याच्या घरात न्यायाची व्यवस्था कशी आहे याची विचारपूस करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

कल्पना काही नवी नाही. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्याने डिस्क ब्रेकचे पेटंट 1902 मध्येच घेतले होते. तथापि 1953 मध्ये ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत असे ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने बाजी मारली, तेव्हा कुठे जगाने त्यांची खरी दखल घेतली. आज तर आपल्या दारातील साध्या गाडीच्या पुढच्या चाकांत हाच ब्रेक असतो. रचना थोडक्यात अशी : चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी चकती, तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड, आणि या तिघांना कवेत घेणारा, चिमट्यासारखा, कॅलिपर. पायाखालचा दांडा दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील दट्ट्या पुढे सरकतो व पॅडला चकतीवर रेटतो. येथवर सारे सरळ आहे. गंमत पुढेच आहे. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत हा दट्ट्या केवळ आतल्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पोटाकडे असतो. बाहेरच्या पॅडला स्वतःचा दट्ट्या नसतोच. मग तो काम कसे करतो? आतला पॅड चकतीला भिडला की त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर उलट दिशेला किंचित सरकतो आणि बाहेरच्या पॅडला आपल्याबरोबर ओढून चकतीवर आणून बसवितो. हे सरकणे घडते ते दोन गुळगुळीत पिनांवर. करंगळीएवढ्या त्या पिना. धूळ-पाणी लागू नये म्हणून त्यांना रबरी बूट घातलेले असतात. या दोन पिना आपापल्या भोकांत सहज सरकल्या, तर दोन्ही पॅड सारखे दाबले जातात, सारखे झिजतात, आणि चकतीचे दोन्ही गाल सारखे घासले जातात.

बंगळुरी माणसाच्या ओठी एक वाक्य सदा असते : ‘स्वल्प अॅडजस्ट माडी’, जरा सांभाळून घ्या. बसमधल्या तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो या वाक्याच्या बळावर. कॅलिपरचे सारे जीवन या एका वाक्यावर चालले आहे असे म्हटले तरी चालेल. तो दोहोंपैकी कोणाचाही पक्ष न घेता थोडा इकडे, थोडा तिकडे सरकतो, म्हणून भार वाटला जातो.

आता या नगरीचा पाऊस आठवावा. जून-जुलैत तो भुरभुरतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खरा कोसळतो. रस्त्यांची तळी होतात, लाल माती चाकांत जाते. एखादा रबरी बूट चिरलेला असला, तर पाणी पिनेपर्यंत पोहोचते. आतले ग्रीस धुऊन जाते अथवा वाळून खळीसारखे होते, गंज धरतो, आणि एके दिवशी पिन आपल्या भोकात अडून बसते. त्या दिवशी काही विशेष घडत नाही, आणि याच गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ब्रेक लागतो. गाडी थांबते. फक्त आता दट्ट्या आतल्या पॅडला रेटतो तेव्हा कॅलिपर मोकळेपणी सरकत नाही; बाहेरचा पॅड चकतीला जेमतेम शिवतो किंवा शिवतही नाही. दोघांचे काम एकाच्या माथी येते. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारणपणे 10 ते 12 मिलिमीटर जाडीचा असतो. काही हजार किलोमीटरनंतर पाहावे, तर बाहेरच्या पॅडवर तो बराचसा शाबूत आणि आतल्या पॅडवर पत्र्याला टेकलेला. चकतीचा आतला गाल ओरखड्यांनी भरलेला, तर बाहेरच्या गालावर तांबूस गंजाचे पट्टे. दोन पिनांपैकी एकच अडली असेल, तर पॅड तिरपा झिजतो, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ.

यावर कोणी म्हणेल की आमचा मुद्दा आम्हीच खोडून काढला. आतला पॅड कर्तव्यदक्ष आणि बाहेरचा आळशी, हेच तर सिद्ध झाले. सिद्ध झाले ते नेमके याच्या उलट. बाहेरच्या पॅडने काम नाकारलेले नाही. काम त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. आणि आतल्याने काही मोठे शील दाखविले असेही नव्हे. दट्ट्या त्याच्या पाठीशी होता म्हणून तो झिजला. इतकेच काय, दाबलेल्या स्थितीतच पिन अडली आणि कॅलिपर मागे सरकेना, तर बाहेरचा पॅड चकतीला सदोदित घासत राहतो आणि मग तोच आधी झिजतो. एकाच दोषापायी आज एक हुतात्मा ठरतो, उद्या दुसरा. हुतात्म्याची माळ ज्याच्या गळ्यात पडते त्याचा तिच्याशी काही संबंध नसतो, ही गोष्ट आम्हांस मोठी विचार करण्याजोगी वाटते. कारण कचेऱ्यांतून आणि कुटुंबांतून आपण जे गुणगान आणि जी निंदा करतो, तिच्यातला किती भाग पॅडला उद्देशून असतो आणि पिनेकडे कोणी वाकूनही पाहिलेले नसते!

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार चकतीच्या बाबतीत तर फारच चालतो. ब्रेक दाबताच पाय थरथरू लागला, स्टीअरिंग हलू लागले, की ‘चकती वाकली’ असा निकाल दिला जातो व नवी चकती बसविली जाते. पुष्कळ वेळा चकती वाकलेली नसतेच; ती एखाद्या ठिकाणी केसाच्या अंशाने पातळ झालेली असते, अथवा पॅडचा लेप तिच्यावर एका जागी बसलेला असतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या जाडीच्या दोन-तीन मात्रांचा फरकदेखील पायाला कळतो. हा फरक येतो कोठून? चकती ज्या हबवर बसते त्याच्या तोंडावर गंजाची एक पापडी राहून गेलेली असते; कोणी ती खरवडलेली नसते. त्यामुळे चकती अगदी किंचित तिरपी बसते, फिरताना प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला निसटता स्पर्श करते, आणि हजारो किलोमीटरांत ती जागा झिजून जाते. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे, मोजून न आवळता जोराच्या पान्याने भराभर आवळले, तरी हाच परिणाम. गंजाची पापडी तशीच ठेवून नवी चकती बसविली, तर काही महिन्यांनी तीही ‘वाकते’. मग कारखान्याला दोष, रस्त्याला दोष, सरकारला दोष.

आता हा दोष वेळीच काढण्यास काय लागते ते पाहू, कारण नीतीचा प्रश्न खरा तेथे उभा राहतो. विल्सन गार्डनच्या बाजूला एका गल्लीत एका मिस्त्रींचे काम आम्ही अनेक वेळा उभे राहून पाहिले आहे. कॅलिपर सोडविल्यावर ते तो नळीवर लोंबकळत ठेवीत नाहीत. तारेच्या आकड्याने वर बांधून ठेवतात, कारण रबरी नळीला ओझे सोसत नाही. दोन्ही पिना ओढून काढतात, जुने ग्रीस पुसतात, भोके साफ करतात, बूट बोटांनी ताणून चीर आहे का पाहतात. पॅड ज्या खाचांत बसतात त्या खाचांतला गंज ब्रशाने घासून काढतात, कारण पिना मोकळ्या असून पॅडच खाचेत चिकटला तरी फळ तेच. दट्ट्या हळूच मागे रेटून तो सहज जातो का हे हाताला विचारतात. त्याच्याभोवतीचे रबरी कडे प्रत्येक दाबात किंचित मुरडते आणि सोडताच त्याला जागेवर मागे घेते, ते कडे कडक झाले असेल तर सारी मेहनत व्यर्थ. मग सिलिकोनचे ग्रीस, तेही अगदी बेताने. कोणतेही ग्रीस येथे चालत नाही. साधे खनिज तेलाचे ग्रीस लावले तर या जातीचे रबर फुगते आणि जी पिन मोकळी करावयाची तीच अधिक घट्ट होते. केवळ सदिच्छेने काम भागत नाही याचे इतके चोख उदाहरण आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळले आहे. शेवटी चकतीची जाडी निरनिराळ्या ठिकाणी मोजावयाची आणि किमान जाडीचा जो आकडा चकतीवर कोरलेला असतो त्याच्याशी ताडून पाहावयाची.

पुढची दोन चाके, तासाभराहून अधिक वेळ. आणि इतके करून दिसते काय? काहीच नाही. एकही नवा भाग गाडीला लागलेला नाही. जुने दाखवून नवे बसविल्याचे समाधान गिऱ्हाइकाला नाही. मिस्त्री आम्हांस एकदा आपल्या कानडीमिश्रित हिंदीत म्हणाले, ‘सार, पॅड बदलले तर लोक न विचारता पैसे देतात. पिना साफ केल्या तर विचारतात, कशाचे पैसे?’ या एका वाक्यात आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. आपण वस्तूची किंमत देतो. निगेची देत नाही. जे. सी. रोडवरच्या दुकानात पॅडचा जोड घेताना फार घासाघीस न करणारा सद्गृहस्थ गॅरेजात येऊन मजुरीच्या शंभर रुपयांवर अर्धा तास वाद घालतो, आणि मग मिस्त्री पिनांना हात न लावता नुसते पॅड बदलून मोकळा झाला, तर त्याला अप्रामाणिक म्हणतो. तो अप्रामाणिक असेलही. पण त्या अप्रामाणिकपणाचा भाव आधी ठरविला कोणी?

सरकारी गाड्यांची कथा याहून वेगळी नाही. एका कचेरीत गाड्यांच्या दुरुस्तीची बिले आमच्या मेजावरून जात असत. एकाच गाडीचे पुढचे ब्रेक पॅड एका वर्षात तीन वेळा बदलले गेले. प्रत्येक बिल मर्यादेच्या आत, प्रत्येकावर काम समाधानकारक झाल्याचा दाखला, लॉगबुकात नोंद. चालकाने आवाज येताच कळविले. त्याने आपले काम केले. गॅरेजने पॅड बदलले, त्यांनीही केले. अधिकाऱ्यांनी मंजुरी दिली, लेखा शाखेने बेरीज तपासली. कोणाकडे बोट दाखवाल? सर्वांनी आपापले काम केले आणि पिन मात्र अडलेलीच राहिली. बिलाच्या कागदावर सुट्या भागांसाठी रकाना होता, मजुरीसाठी होता, करासाठी होता. ‘हे पुन्हा पुन्हा का झिजते’ या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस म्हटला आहे. आमच्या लहानपणापासून हा विचार आपण ऐकत आलो. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती ही की कर्म कोणाचे हे आधीच ठरलेले आहे. जे कर्म कोणालाच नेमून दिलेले नाही, त्याच्या त्यागाचे पाप कोणाच्या खाती मांडावयाचे? अर्वाचीन काळातील बहुतेक अनर्थ नेमून दिलेल्या कामाच्या कुचराईने होतात की दोन नेमणुकांच्या मधल्या फटीतून होतात, असा आम्हांस संशय आहे, आणि तो दिवसेंदिवस बळावत चालला आहे.

या फटीवर एक उपाय या नगरीतच फार पूर्वी रूढ झाला आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1940 च्या डिसेंबरात येथे विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून नावारूपास आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे विमाने बांधण्यापेक्षा त्यांची दुरुस्ती-देखभालच मोठ्या प्रमाणावर चाले. विमानाच्या देखभालीचा नियम असा की प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याची सही. आणि ज्या जोडणीवर उड्डाणाचे नियंत्रण अवलंबून, ती दुसऱ्या जाणकाराने स्वतंत्रपणे तपासून पुन्हा सही करावयाची. बोल्ट आवळला, ग्रीस लावले, हेही काम म्हणून कागदावर उतरते. जे दिसत नाही त्यालाही तेथे नाव आहे. आमच्या गल्लीतील गॅरेजात पिनांसाठी असा एक रकाना निघाला, तर पुष्कळ चकत्या वाचतील यात शंका नाही.

तथापि सहीवर आपली श्रद्धा किती असावी, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? काम न पाहता केलेली सही, पाहून पण न समजता केलेली सही, साहेब निघाले म्हणून घाईने केलेली सही, या सर्व जाती आपल्या परिचयाच्या आहेत. रकाना काढला म्हणजे पिन मोकळी होतेच असे नाही. कधी कधी रकाना भरणे हेच काम होऊन बसते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. पॅडचा दोष नाही, चकतीचा नाही, मिस्त्रीचा नाही, कारकुनाचा नाही, असे म्हणत गेल्यास शेवटी दोष ‘यंत्रणेचा’ ठरतो. आणि यंत्रणेचा दोष म्हणजे कोणाचाच नाही, ही तर आमच्या खात्यांची आवडती पळवाट. आक्षेप खरा आहे. परंतु आम्ही यंत्रणेचा दोष म्हणत नाही. पिन ही यंत्रणा नव्हे; ती एक वस्तू आहे, तिची जागा ठरलेली आहे, प्रत्येक चाकाला दोन, आणि ती दोन बोटांनी सरकवून पाहता येते. जो मनुष्य यंत्रणेला दोष देतो आणि नेमकी कोणती पिन अडली आहे हे दाखवू शकत नाही, त्याचे बोलणे पळवाटच समजावे. आणि पिन कोणी मोकळी करावयाची, याचेही उत्तर नेमणुकीच्या हुकमात शोधण्याची गरज नाही. जुने दोन पॅड ज्याच्या हातात प्रथम येतात, एक जाड आणि एक पातळ, त्याला ते कळलेले असते. एका गाडीची तीन बिले ज्याच्या मेजावर येतात, त्यालाही कळलेले असते. निदान विचारावयास हवे इतके तरी कळलेले असते. ज्याला कळले त्याचे ते कर्म, हुकूम असो वा नसो. कळल्यावर ‘हे माझ्या कक्षेत नाही’ असे म्हणणारा आणि कधी काही न कळलेला, या दोघांना आम्ही एका तागडीत घालू शकत नाही.

यात काय गमवावयाचे आहे, याचा अंदाज नंदी बेट्टाच्या वळणांवरून रविवारच्या सकाळी उतरताना येतो. किंवा दिवाळीच्या रजेत कुटुंबासह गावी निघालेल्यांना निपाणीजवळचा तवंदी घाट, पुढे साताऱ्याकडचा खंबाटकी, अथवा तळकोकणात जावयाचे तर आंबोली, हे काही नवे नाहीत. सपाटीवर जो ब्रेक आठ महिने विनातक्रार चालला, त्याची खरी परीक्षा तेथे. एकाच पॅडवर आणि चकतीच्या एकाच गालावर सारी उष्णता साचते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेणारे. ताजे असताना सामान्यतः प्रचारातले डॉट 4 जातीचे तेल 230 अंश सेल्सिअसच्या वर उकळते, पण ओलावा भरल्यावर ही मर्यादा 155 अंशांच्या आसपास खाली येऊ शकते. म्हणूनच ते दर दोन वर्षांनी बदलावे असे सांगतात. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पाय भुईला टेकतो तरी गाडी थांबत नाही. त्या क्षणी मागच्या आसनावर झोपलेल्या मुलांना पॅड कर्तव्यदक्ष होता की आळशी, याचे काय होय?

आणखी एक गोष्ट सांगावयाची म्हणजे दृष्टीची. चाकाच्या जाळीतून वाकून पाहिले तर बाहेरच्या पॅडची कड दिसते. आतली दिसत नाही. पुष्कळ लोक, आणि काही गॅरेजवालेही, बाहेरचा पॅड जाड पाहून ‘ब्रेक ठीक’ म्हणतात. तपासणी खोटी नसते. ती केवळ दिसणाऱ्या बाजूची असते. चाक काढल्यावाचून आतली बाजू दिसत नाही, आणि चाक काढावयास कष्ट पडतात. माणसांच्या बाबतीतही आपण बहुधा जाळीतूनच पाहतो.

त्या तिसऱ्या बिलावर आम्ही टिपणीत इतकेच लिहिले की, यापुढे बदललेले दोन्ही जुने पॅड व पिनांच्या साफसफाईची स्वतंत्र नोंद बिलासोबत सादर करावी. फाईल चार दिवसांनी ‘चर्चा करावी’ या शेऱ्यासह परत आली. चर्चा झाली, साहेबांनी विचारले, जुने पॅड ठेवावयाचे कोठे? जिन्याखालच्या कपाटात जागा आहे, असे आम्ही सांगितले. सध्या तेथे वर्तमानपत्रात गुंडाळलेले पॅडचे दोन जोड आहेत. पहिल्या जोडीत एक पॅड बोटभर जाड आणि एक पत्र्याला टेकलेला आहे. दुसऱ्या जोडीतील दोघांत फरक पाहावयाचा तर मोजपट्टी आणावी लागते.